रिमॅप केलेल्या गाडीला ऑइल कॅच कॅन: तपासणीपासून निचऱ्यापर्यंत

मागच्या हिवाळ्यात जालन्याचा एक मुलगा टर्बो पेट्रोल सेदान घेऊन आमच्या संभाजीनगरच्या गॅरेजवर आला. गाडी 90 हजार किलोमीटर चाललेली, वर स्टेज-वन रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेलं. आल्या आल्या म्हणाला, "भाऊ, कन्नडचा औट्रम घाट उतरून खाली रेस दिली की निळा धूर मारायली. एकानं सांगितलं टर्बो गेला. दुसरा म्हणतो कॅच कॅन टाक, बंद होईल." कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गॅसमधलं ऑइल अडवून साठवणारा डबा. तो त्याने सोबतच आणला होता, चकचकीत निळा, खोक्यातला.

तो डबा आम्ही त्या दिवशी बसवला नाही. गाडी चालू करून ऑइलचं झाकण उचलायला गेलो तर ते उचलेना. आतून कुणी धरून ठेवल्यासारखं घट्ट. जोर लावून उघडलं तेव्हा फुस्सकन हवा आत गेली आणि इंजिन अडखळलं. दुखणं काय असेल याचा अंदाज तिथेच आला. ते कसं ओळखायचं, आणि डबा बसवायची खरंच वेळ आली तर कसा बसवायचा, हे या लेखात क्रमाने सांगतो. लेख लांब आहे, पण यातली एखादी पायरी गाळली की इंजिनाचे सील जातात, हे मी स्वतः पाहिलंय.

इंजिन श्वास कशाला सोडतं

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी शंभर टक्के सील करत नाहीत. रिंगांच्या तोंडाच्या फटीतून जळालेला आणि अर्धवट जळालेला गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोटात, उतरतो. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात इंधनाची वाफ असते, काजळी असते आणि पाणी तर भरपूर असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं खाली झिरपतं. क्रँकच्या फिरण्याने उडालेले ऑइलचे बारीक कण या गॅसमध्ये मिसळतात.

हा गॅस बाहेर काढला नाही तर क्रँककेसमध्ये दाब चढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून वाट काढतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, डिपस्टिक, गिअरबॉक्सच्या बाजूचा क्रँक सील, जे कमजोर असेल ते आधी जातं. जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला यासाठी एक नळी खाली उघडी सोडलेली असायची. आपल्याकडे जुना ट्रॅक्टर घेताना जाणती माणसं अजूनही ऑइलचं झाकण काढून किती फुंकतंय ते बघतात. ती तपासणी ब्लो-बायचीच. कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलांपासून हा गॅस हवेत न सोडता परत इंजिनात ओढून जाळायची पद्धत आली. त्यासाठी जो व्हॉल्व्ह लागतो तो पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन व्हॉल्व्ह.

पीसीव्हीचं काम बारकाईने समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पेट्रोल इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, असताना थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद असतो. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या पाइपांत, 60 ते 70 किलोपास्कलचा जोरदार व्हॅक्यूम असतो. त्या ओढीने व्हॉल्व्हचा दट्ट्या स्प्रिंगविरुद्ध सरकून वाट अरुंद करतो, म्हणजे क्रँककेसमधून थोडाच गॅस ओढला जातो. थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम कमी होतो, दट्ट्या मागे येतो, वाट मोठी होते. टर्बोने बूस्ट दिला, म्हणजे हवा दाबून भरली, की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब येतो, तेव्हा ही वाट बंदच व्हायला हवी. मग गॅस दुसऱ्या वाटेने, टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदर पाइपमधून टर्बोच्या तोंडाशी जातो. एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या त्या पाइपात बूस्टच्या वेळी थोडी ओढ असते.

म्हणजे टर्बो पेट्रोलला दोन वाटा आहेत, एक मॅनिफोल्डची आणि एक टर्बोची. आयडलला दुसरी वाट उलटी चालते, तिच्यातून फिल्टर झालेली ताजी हवा क्रँककेसमध्ये येते. हे माहीत नसेल तर डबा हमखास चुकीच्या जागी बसतो.

रिमॅप केल्यावर काय बदलतं

सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून ब्लो-बाय वाढतो. 1.8 लिटरचं इंजिन 5000 आरपीएमला मिनिटाला साधारण 4500 लिटर हवा घेतं. वर एक बार बूस्ट असेल तर ढोबळमानाने 9000 लिटर. त्यातला अर्धा टक्का जरी रिंगांखाली उतरला असं धरलं तरी मिनिटाला 45 लिटर गॅस बाहेर काढावा लागतो. कंपनीने दिलेली नळी आणि आतला ऑइल सेपरेटर मूळ ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यात समृद्धी महामार्गावर जालन्याहून चढून तास-दीड तास सलग 120 च्या वेगाने गाडी चालवली की ऑइल तापून पातळ झालेलं असतं आणि सेपरेटरला उसंत मिळत नाही.

हे ऑइल टर्बोच्या पाइपातून इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागात, जाऊन बसतं. आतल्या पट्ट्यांवर थर चढतो, गार करायची ताकद कमी होते. ज्वलनात गेलेलं ऑइल पेट्रोलचा ऑक्टेन खाली आणतं, म्हणून नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकण्याची) शक्यता वाढते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. पैसे मोजून घेतलेली ताकद अशी परत जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात आणखी एक त्रास: पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि त्यांच्या मागच्या बाजूला कार्बनची ढेपं जमतात. शेंद्र्याला 2001 पासून स्कोडाचा कारखाना आहे, त्यामुळे आपल्या भागात टर्बो पेट्रोल गाड्या बऱ्याच वर्षांपासून फिरतात, आणि 80-90 हजारांनंतर व्हॉल्व्ह साफ करायचं काम बऱ्याच जणांना निघतं. कॅच कॅनने हा कार्बन कमी होतो, थांबत नाही. व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरणारं ऑइल डब्यात येत नाही.

गाडी मूळ अवस्थेत असेल, रिमॅप नसेल आणि वॉरंटी चालू असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: डबा बसवू नका. वेळेवर चांगलं ऑइल बदला, पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. जास्त भरलेल्या ऑइलला क्रँक घुसळतो आणि सगळं ब्रीदरमध्ये उडतं. ऑइल निवडताना नोआकचा आकडा बघा. तापल्यावर किती टक्के ऑइल उडून जातं ते हा आकडा सांगतो, आणि तो जितका कमी तितकं धुकं कमी. ज्या ऑइलवर एसीईए सी-3 (युरोपातल्या गाडी कंपन्यांनी ठरवलेला दर्जा) असं छापलेलं असतं त्याला 13 टक्क्यांची मर्यादा असते.

पहिली पायरी: पाण्याच्या नळीने दाब मोजा

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी चार मीटर आणा. एका उभ्या फळीवर ती यू आकारात बांधा, दोन्ही पाय एकेक मीटरचे. अर्ध्यापर्यंत पाणी भरून थेंबभर शाई टाका, म्हणजे पातळी नीट दिसते. दोन्ही पायांतल्या पातळीत 10 सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल. एवढ्या स्वस्तात इतका खरा आकडा देणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

नळीचं एक टोक क्रँककेसला जोडायचं. डिपस्टिकच्या नळीला जोडणं सोपं, पण काही इंजिनांत तिचं खालचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असतं आणि आकडा खोटा येतो. जुनं ऑइल झाकण घेऊन त्याला भोक पाडा, निप्पल बसवा आणि तिथून जोडा. इंजिन आणि यू-नळीच्या मध्ये एक रिकामी जाड बाटली ठेवा. ओढ जास्त निघाली तर पाणी इंजिनात न जाता बाटलीत पडेल. ही बाटली विसरू नका.

इंजिन गरम करून आयडलला ठेवा. साधा स्प्रिंगचा पीसीव्ही असेल तर पाणी इंजिनाच्या बाजूला काही सेंटिमीटर ओढलं गेलेलं दिसेल. ज्यात रबरी पडद्याचा रेग्युलेटर असतो त्या इंजिनांत 10 ते 25 सेंटिमीटरची ओढ नेहमीची. पाणी जागचं हललंच नाही किंवा बाहेरच्या बाजूला ढकललं गेलं, तर व्हॉल्व्ह तुंबलाय, कुठे गळती आहे किंवा रिंगा गेल्यात. आणि पाणी 50-60 सेंटिमीटर ओढलं गेलं तर पडदा फाटलाय, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम थेट क्रँककेसवर पडतोय.

जालन्याच्या गाडीला आम्ही नळी जोडली तेव्हा पाणी सरसर चढत गेलं आणि बाटलीत पडायला लागलं. एक मीटरची नळीसुद्धा पुरली नाही. टॅपेट कव्हरजवळ कान नेला तर बारीक शिट्टी ऐकू येत होती. डिपस्टिक थोडी उचलली की शिट्टी बंद, परत बसवली की सुरू. युनिट खोलून पडदा हातात घेतला. कडेला नखाएवढी अर्धगोल चीर, रबर कडक होऊन पापडासारखं झालेलं. घाट उतरताना थ्रॉटल बंद, गिअरमध्ये गाडी, इंजिन चाकांनी फिरतंय. व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतो तो याच वेळी. चार-सहा किलोमीटर ती चीर क्रँककेसमधून ऑइल ओढत राहायची, मॅनिफोल्डमध्ये साठवायची, आणि तळाला रेस दिली की सगळं एकदम जळायचं. निळा धूर तोच. टर्बो ठणठणीत होता. नवीन पीसीव्ही युनिट टाकलं, धूर गेला. त्या दिवशी डबा बसवला असता तर दर आठवड्याला भरला असता आणि क्रँकचा सील गेल्यावर गिअरबॉक्स उतरवावा लागला असता.

दुसरी पायरी: रिंगांची तब्येत

दाब जास्त निघाला आणि पीसीव्ही चांगला असला तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, आणि शक्य असेल तर लीक-डाउन टेस्ट. लीक-डाउनमध्ये पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. वीसच्या वर गेलं आणि ऑइल झाकणातून हवेचा आवाज आला तर रिंगा गेल्या. मग डब्याचा विषय सोडा, इंजिनाचं काम काढा. गेलेल्या रिंगांवर कॅच कॅन टाकणं म्हणजे गळक्या पत्र्याखाली बादली ठेवणं.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती अजून लोक करतात. काही वर्षांपूर्वी माझ्या डिझेल हॅचबॅकच्या इंटरकूलर पाइपात ऑइल साचायला लागलं. मी टर्बोचा कोअर बदलला. महिनाभरात पुन्हा तेच. मग ब्रीदरची नळी काढून पाहिली, आत काजळी आणि ऑइलचा डांबरासारखा लगदा, पेन्सिलही जाईना. टर्बोचं ऑइल खाली परत जातं ते फक्त उताराने, पंपाने नाही. क्रँककेसमध्ये दाब असला की ते ऑइल खाली उतरत नाही, टर्बोच्या पोटात तुंबतं आणि सीलमधून दोन्हीकडे बाहेर पडतं. टर्बोचा दोष नव्हताच. म्हणून टर्बोने ऑइल टाकलं की आधी ब्रीदर बघा, पाण्याची नळी लावा, आणि मगच टर्बोला हात घाला.

डबा कसा असावा

डब्याचं काम सोपं आहे: गॅसचा वेग कमी करायचा, त्याला वळवायचं, गार करायचं, म्हणजे थेंब खाली पडतात. मघाचे 45 लिटर 19 मिलिमीटरच्या नळीतून जाताना सेकंदाला अडीच मीटरपेक्षा जास्त वेगाने धावतात. तोच गॅस 75 मिलिमीटर व्यासाच्या डब्यात आला की वेग पंधराव्या हिश्श्यावर येतो. 75 मिलिमीटर व्यास आणि 150 मिलिमीटर उंचीच्या डब्यात साधारण 660 मिली मावतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला एवढा पुरे.

रिकामा पोकळ डबा, वर दोन निप्पल शेजारी शेजारी, आत काही नाही, असे डबे स्वस्तात मिळतात. त्यात गॅस एका निप्पलने आत येतो आणि दुसऱ्याने तसाच बाहेर जातो. आत आडवी पत्र्याची पट्टी हवी, आत येणारी नळी निम्म्यापर्यंत खाली उतरलेली हवी आणि बाहेर जाणारं तोंड अगदी वर हवं. मध्ये स्टेनलेस तारेची विणलेली जाळी, दोन भोकांच्या चकत्यांमध्ये दाबून बसवलेली. भांडी घासायची तारेची घासणी कोंबू नका. तिचे तुकडे सुटतात, साधी लोखंडी असेल तर गंजते, आणि हे सगळं टर्बोच्या पंख्यावर जाऊन आदळतं.

निप्पलचं भोक मोजूनच घ्या. बाहेरून 19 मिलिमीटर दिसणाऱ्या निप्पलचं आतलं भोक 9-10 निघतं. दुकानात ड्रिलचा बिट घेऊन जा आणि मागची दांडी भोकात घालून बघा. कंपनीच्या नळीपेक्षा भोक कुठेही लहान होता कामा नये, कारण बूस्टच्या वेळी गॅस तिथेच अडतो. जालन्याच्या त्या मुलाने आणलेल्या निळ्या डब्याचं भोक 9 मिलिमीटरचं होतं, गाडीच्या ब्रीदरचं 18. तो आम्ही परत करायला लावला. वाळूजला आर्गॉन वेल्डिंग करणारे चांगले कारागीर आहेत. ॲल्युमिनियमच्या नळीतून हवा तसा डबा बनवून मिळतो, आणि माझ्या मते तोच घ्यावा.

नळीच्या बाबतीत पैसे वाचवू नका. हीटरची काळी नळी बहुतेक वेळा ईपीडीएम रबराची असते, ती ऑइलमध्ये फुगते आणि लिबलिबीत होते. साध्या सिलिकॉन नळीतून ऑइल पाझरतं, बाहेरून चिकट घाम आल्यासारखी दिसते. नायट्राइल रबराची, आत धाग्याचं जाळं असलेली ऑइलची नळी घ्या, किंवा सिलिकॉनच हवी असेल तर आतून फ्लोरोचं अस्तर असलेली. मॅनिफोल्डच्या बाजूची नळी व्हॅक्यूमने चिमटणार नाही इतकी जाड हवी.

जोडणी

मॅनिफोल्डच्या वाटेवर क्रम असा: क्रँककेस, मग डबा, मग पीसीव्ही व्हॉल्व्ह, मग मॅनिफोल्ड. व्हॉल्व्ह डब्याच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला हवा. तो मागे राहिला तर बूस्टचा सगळा दाब डब्यात शिरतो, नळ्या निसटतात. व्हॉल्व्हच नसला तर तो दाब थेट क्रँककेसमध्ये जातो आणि डिपस्टिक उडते.

दुसरी चूक याहून वाईट. पुष्कळ जण मूळ पीसीव्ही काढून टाकतात आणि जागी साधा वन-वे व्हॉल्व्ह लावतात. वन-वे व्हॉल्व्ह उलटा प्रवाह थांबवतो, पण आयडलची ओढ कमी करत नाही. फाटलेल्या पडद्याने जे केलं तेच हा व्हॉल्व्ह करतो. वन-वे लावायचा तर मूळ पीसीव्हीच्या जोडीला लावा, त्याच्या जागी नाही. ज्या इंजिनांत पीसीव्ही टॅपेट कव्हरवरच्या एका युनिटमध्ये गुंफलेला असतो, तिथे ते युनिट काढून पट्टी मारायचे किट मिळतात. मी ते बसवत नाही. युनिट चांगलं ठेवायचं आणि टर्बोकडे जाणाऱ्या वाटेत डबा घालायचा.

टर्बोच्या वाटेवर: टॅपेट कव्हर, डबा, मग टर्बोच्या तोंडाचा पाइप. नळी परत जोडायची ती हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या पुढे, टर्बोच्या बाजूला, मूळ जागीच. एकच डबा बसवायचा असेल आणि रिमॅप केलेली टर्बो पेट्रोल असेल, तर मी तो याच वाटेवर बसवतो, कारण जास्तीत जास्त ऑइल बूस्टमध्येच येतं. टर्बो नसलेल्या पेट्रोलला मात्र मॅनिफोल्डची वाट महत्त्वाची.

डब्याचं वरचं तोंड छोटा फिल्टर लावून हवेत उघडं सोडायची फॅशन आहे. रोजच्या गाडीवर तसं करू नका. ओढ नाहीशी होते, केबिनमध्ये जळक्या ऑइलचा वास येतो, आयडलला न मोजलेली हवा आत जाते. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात आणि कच्च्या रस्त्यांवर काळ्या मातीची जी धूळ उडते, ती त्या ओल्या फिल्टरला चिकटून तासाभरात त्याचा चिखल करते. शिवाय क्रँककेसचा धूर हवेत सोडणं प्रदूषणाच्या नियमात बसत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, हे रिमॅपलाही लागू आहे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये ब्रीदरची नळी सुटली तर ती ओळखून चेक इंजिनचा दिवा लावणारी मॉडेलंही आहेत. वॉरंटी तर जातेच. ट्रॅकवरच चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा, गारवा आणि उतार. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असतात. टर्बोशेजारी बांधलेल्या डब्यात वाफ थंडच होत नाही, तशीच पुढे जाते. हेडलाइटच्या मागे, रेडिएटरच्या बाजूला, वारा लागेल तिथे बांधा. कव्हरकडून डब्याकडे येणारी नळी सलग उतरती हवी. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी-ऑइल साचून बुच बसतं. ब्रॅकेट बॉडीला बांधा, इंजिनाला नाही, आणि इंजिन हलतं म्हणून नळीला दोन बोटं ढील ठेवा.

चालू करण्याआधी आणि नंतर

डबा बसवण्यापूर्वी एक निप्पल बंद करून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरा आणि पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडा आला तर वेल्डिंग परत. इंटरकूलरच्या पाइपातलं जुनं ऑइल आधीच काढून पुसून घ्या, नाहीतर नंतर साचलेलं नवं की जुनं ते कळणार नाही.

मग इंजिन गरम करा आणि पाण्याची यू-नळी परत लावा. आकडा डबा बसवण्याआधीसारखाच आला पाहिजे. फार बदलला तर कुठेतरी वाट अरुंद झाली किंवा गळतेय. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते. पाच टक्क्यांच्या आत असेल तर छान, दहाच्या वर अधिक दाखवत असेल तर न मोजलेली हवा आत येतेय. बहुतेक वेळा डब्याच्या झाकणाची ओरिंग किंवा निचऱ्याचा कॉक निघतो. रस्त्यावर जाऊन बूस्टमध्ये मोजायचं असेल तर पाण्याची नळी चालत नाही, दाबाचा छोटा गेज केबिनमध्ये घ्या. दोन-तीन किलोपास्कलच्या वर दाब चढत असेल तर नळ्या मोठ्या कराव्या लागतील.

डिझेलवाल्यांसाठी, जपून

डिझेलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो, एकच वाट, कव्हरमधून टर्बोच्या तोंडाशी. त्यामुळे जोडणी सोपी. फायदाही मोठा, कारण ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या वाटेची) काजळी आणि ब्रीदरचं ऑइल एकत्र आलं की मॅनिफोल्डमध्ये तो लगदा तयार होतो.

पण धोका जीवाचा आहे. डबा काठोकाठ भरला आणि टर्बोने ते ऑइल एकदम ओढलं, तर डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही, आरपीएम वाढतच जातं. मॅन्युअल गाडी असेल तर गाडी थांबवून सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडतं. बॉनेट उघडून हाताने हवा अडवायला जाऊ नका, हात ओढला जातो. म्हणून डिझेलला आतली पातळी बाहेरून दिसेल अशी नळी असलेलाच डबा घ्या. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून ती बघणं जमणार नसेल, तर डबा बसवू नका.

निचरा

पहिल्यांदा 500 किलोमीटरला कॉक उघडा आणि किती निघालं ते मेजरिंग कपात मोजा. त्यावरून पुढचं अंतर ठरवा, डबा एक तृतीयांशाच्या वर कधीही भरू द्यायचा नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गार गाडी सुरू करून चार किलोमीटरवर ऑफिसला जाणाऱ्यांच्या डब्यात दुधाळ, चहाच्या सायीसारखं पिवळट पातळ पाणी निघतं, पेट्रोलचा उग्र वास येतो. घाबरून हेड गॅस्केट काढू नका, कूलंटची पातळी तपासा, ती खाली गेली नसेल तर हे ज्वलनाचं पाणी आहे. उन्हाळ्यात तेच काळं आणि घट्ट निघतं, प्रमाणही कमी. हजार किलोमीटरला 20-30 मिली माझ्या हाताखालच्या रिमॅप गाड्यांत नेहमी दिसतं. अचानक 150 निघालं तर परत पहिल्या पायरीवर जा, पाण्याची नळी लावा.

कॉकची दांडी तारेने बांधून ठेवा, खड्ड्यात हादऱ्याने उघडते. दर ऑइल चेंजला जाळी काढून डिझेलमध्ये धुवा, वाळवा.

निघालेलं पातळ परत इंजिनात ओतायचं नाही, त्यात पाणी, इंधन आणि आम्ल असतं. वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला जळकं ऑइल लावायची आपल्याकडे पद्धत आहे, तिथेही हे वापरू नका. नाल्यात तर अजिबात नको, आमच्याकडचे नाले खाम नदीला मिळतात. गॅरेजमध्ये वेगळा कॅन ठेवलाय, जुनं ऑइल नेणारा येतो त्याला दिलं जातं.

जालन्याचा मुलगा दोन महिन्यांनी परत आला, वाळूजला बनवलेला डबा घेऊन. आम्ही तो टर्बोच्या वाटेवर बसवला. बसवण्याआधी आयडलला यू-नळीत 14 सेंटिमीटर ओढ होती, बसवल्यावर 13. डब्याच्या झाकणावर त्याने मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून घेतलंय. प्रत्येक निचऱ्याला तो खाली एक ओळ वाढवतो.